ताटलीतल्या टिकल्या

आमच्या सोसायटीत मी 'कॉम्प्युटरमधून रिटायर झालेल्या बाई' आहे. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या मोबाइलवरून नातवाचे फोटो गायब झाले की माझ्या दाराची बेल वाजते. मी प्रिंटर दुरुस्त करत नव्हते हे सांगून सांगून दमले. मग तुम्ही नेमकं करत काय होतात, असं विचारतात आणि उत्तर अर्ध्यावर आलं की गॅसवर दूध ठेवल्याचं आठवून निघून जातात. संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर आज बसवून सांगते. गोष्ट फराळाबरोबर तोंडी लावण्यासारखी मात्र नाही.

कॉम्प्युटरचा मोठा प्रोग्रॅम कुणी एकटा लिहीत नाही. हॉलभर माणसं त्याचे तुकडे लिहितात. ते सगळे तुकडे तपासून, योग्य क्रमानं जोडून त्यांचा चालणारा प्रोग्रॅम करायचा, याला बिल्ड म्हणतात. तुमच्या हातातल्या या अंकाचंच घ्या ना. लेखक आपापल्या घरी लिहितात, फर्मे म्हणजे पानांचे गठ्ठे वेगवेगळे छापून होतात आणि शेवटी बाइंडर ते ओळीनं लावून शिवतो. एखादा फर्मा बिघडला आणि बाइंडरनं त्याच्या जागी गेल्या वर्षीचा पडून राहिलेला फर्मा शिवला, तर अंक वरून धडधाकटच दिसतो. वाचणाऱ्याला मधेच गेल्या वर्षीचं राशिभविष्य लागतं, एवढंच. बिल्डमध्येही असं होतं. एखादा तुकडा फसला तरी त्याची जुनी प्रत तिथं पडलेली असते, आणि लक्ष नसेल तर तीच आत शिवली जाते.

आमचे बाइंडर होते धोटे. मूळचे यवतमाळकडचे. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, पुणेरी मराठी बोलायला शिकले होते, पण अडचणीत सापडले की तोंडात 'का'च्या जागी 'काहून' यायचं. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका बंगल्यात आमची कंपनी होती आणि त्या बंगल्याच्या पूर्वीच्या स्वयंपाकघरात धोट्यांचं टेबल होतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जायच्या आणि धोटे काचेवर बोट ठेवून त्या वाचायचे. दुपारच्या चहाला ते हॉलच्या दारात येऊन उभे राहत आणि 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच म्हणत. नाही झालं, तर ज्याचा तुकडा फसला असेल त्यानं चहा तसाच ठेवून उठायचं, असा नियमच पडून गेला होता. मालकांचा स्वतःचा तुकडा एकदा फसला तेव्हा तेही उठले होते. धोट्यांच्या हातून चुकीचं बिल्ड बाहेर गेल्याचं मला आठवत नाही.

मालक अमेरिकेला जाऊन आले आणि म्हणाले, इथून पुढे मला नुसतं मिलिंद म्हणा. पुण्यात पगार देणाऱ्याला नुसत्या नावानं हाक मारणं कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून ते मिलिंद सर झाले. तिकडून त्यांनी आणखी एक कल्पना आणली. धोटे ज्या टूलवर बिल्ड करत ते आमचंच, घरी केलेलं होतं. त्याला बटणं, चित्रं, रंग असलेला देखणा चेहरा द्यायचा, म्हणजे जीयूआय करायचा, आणि ते जगाला विकायचं. या नव्या स्क्रीनमध्ये काय काय असावं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. तोवर मी माहितीपुस्तिका लिहायचे. 'तुम्ही सगळ्यांना समजेल असं लिहिता, तर सगळ्यांना समजेल असं ठरवा,' असं मिलिंद सर म्हणाले.

फीचर ठरवणं म्हणजे लग्नघरात मेनू ठरवणं. प्रत्येकाला आपला एक पदार्थ हवाच असतो आणि आचारी एकच असतो. एकाला बिल्ड झालं की देवळातली घंटा वाजायला हवी होती. एकाला प्रत्येक तुकड्यापुढे तो लिहिणाऱ्याचा फोटो हवा होता, तो कुठल्या मुलीसाठी हे मला कळलं होतं, पण त्याचं पुढे तिच्याशी जमलं नाही. मी सगळ्यांच्या मागण्या चिठ्ठ्यांवर लिहून फळ्यावर लावायचे. फळ्याला तीन रकाने होते. आत्ता, जमल्यास, आणि पुढच्या आवृत्तीत. हा तिसरा रकाना म्हणजे आपलं 'बघू'. ज्याला 'बघू' म्हटलं त्यानं समजून घरी जावं.

एक चिठ्ठी माझी स्वतःची होती. नव्या स्क्रीनवर प्रत्येक तुकड्यापुढे एक ठिपका येणार होता. जोडला गेला तर हिरवा, फसला तर लाल. मी लिहिलं होतं, ठिपक्याशेजारी शब्दही हवा, 'झाले' किंवा 'फसले'. माझी पुस्तिका काळ्या शाईत छापली जाणार होती. त्यात मी कुठला ठिपका म्हणून दाखवणार होते?

"शैलजा, शब्दांची गर्दी होते हो," मिलिंद सर म्हणाले. "सिग्नलवर काय 'थांबा' असं लिहिलेलं असतं?"

"लिहिलं तरी आपल्याकडे कोण थांबतंय," मी म्हटलं. हॉल हसला. पण हसलेल्यांनी बाजू माझी घेतलीच असं नाही.

मग मतदान झालं. मतासाठी चिकटवायला काहीतरी हवं म्हणून मी तुळशीबागेतून टिकल्यांची पाकिटं आणली होती. एक गडद लाल, एक बाटली हिरवं, दोन्ही सारख्याच आकाराच्या. लाल म्हणजे हवं, हिरवी म्हणजे नको. कुणीतरी उत्साहानं दोन्ही पाकिटं एकाच स्टीलच्या ताटलीत ओतली. एकेकानं उठायचं, ताटलीतून टिकली उचलायची आणि चिठ्ठीवर लावायची. धोट्यांची पाळी आली तेव्हा ते ताटलीपुढे नुसते उभेच राहिले.

"अहो धोटे, मुहूर्त बघताय का?" मी म्हटलं. परत सगळे हसले. धोट्यांनी घाईनं एक टिकली उचलली आणि माझ्या शब्दांच्या चिठ्ठीवर लावली. ती हिरवी होती.

माझी चिठ्ठी त्या एका मतानं पडली आणि 'पुढच्या आवृत्तीत' जाऊन बसली. मला धोट्यांचा संताप आला. जन्मभर शब्द वाचून काम केलेला माणूस, त्यालाच शब्द नकोत? वाटलं, नव्या स्क्रीनवर राग आहे, तो माझ्या चिठ्ठीवर काढला. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनीही कारण सांगितलं नाही.

नवी स्क्रीन तयार झाली. खरं सांगते, देखणी होती. मला तिचा अभिमान होता आणि अजूनही थोडा आहे. आधी ती आमच्याच कामाला वापरायची असं ठरलं. धोटे नव्या स्क्रीनवर बिल्ड लावायचे आणि शेजारी जुना काळा पडदा उघडून त्यातलं वाचायचे. मिलिंद सरांनी ते बघितलं आणि काळा पडदा बंद करायला लावला. "आपण शिजवलेलं आपणच खाल्लं नाही तर लोक का खातील?" म्हणाले. वाक्य म्हणून बरोबरच होतं.

त्यानंतर धोटे मला रोज दुपारी हाक मारू लागले. "मॅडम, जरा बघा बरं, ठीक दिसून राहिलं ना?" मी जाऊन बघायचे आणि म्हणायचे, छान दिसतंय, सगळं हिरवंगार. किंवा म्हणायचे, तो एक लाल आहे की हो. मला वाटायचं, हा माणूस माझी थट्टा करतोय, माझी स्क्रीन मलाच कौतुकानं दाखवतोय. तरी मी जायचे. कारण कौतुक ऐकायला कुणाला आवडत नाही?

मग मी भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. त्याच सुमारास एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेसाठी केलेला प्रोग्रॅम पाठवायचा होता. सारख्या नावाचे दोन पेशंट आले तर त्यांचे रिपोर्ट एकमेकांत जायचे, ती चूक दुरुस्त केली होती आणि दुरुस्त तुकडा घालून नवं बिल्ड द्यायचं होतं. नेमका तोच तुकडा फसला. त्याच्यापुढे लाल ठिपका आला. धोट्यांनी दारात येऊन 'झालं' म्हणून सांगितलं आणि जुना तुकडा आत शिवलेला प्रोग्रॅम रवाना झाला.

त्या रुग्णालयात एकाच नावाच्या दोन बायका होत्या. एकीवर तिला नसलेल्या आजाराचे उपचार सुरू झाले. तो आजार जिला होता तिला काही झालेलं नाही असं सांगून घरी पाठवलं. घोळ लक्षात आला तोवर पहिलीचे बरेच हाल झाले होते. दुसरीला शोधायला त्यांनी माणूस पाठवला. तिचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आमच्यात कुणाची विचारायची छाती झाली नाही. मी या धंद्यात एवढी वर्षं काढली, पण आपण लावलेला ठिपका कुणाच्या तरी अंगापर्यंत पोचतो हे मला त्या आठवड्यात कळलं.

चौकशी हॉलमध्येच झाली. रुग्णालयानं कोर्टाची भाषा केली होती. त्या दिवशीची स्क्रीन जपून ठेवलेली होती, ती मिलिंद सरांनी भिंतीवर मोठी करून लावली. ठिपका चांगला वाटीएवढा दिसत होता.

"एवढा दिसला नाही तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"दुर्लक्ष झालं सर," धोटे म्हणाले.

"दुर्लक्ष. बरं. आता तरी दिसतोय ना? कुठाय लाल, हात लावून दाखवा."

धोटे भिंतीपाशी गेले. त्यांचं बोट ठिपक्यांवरून सावकाश खाली आलं, थांबलं, परत वर गेलं. शेवटी त्यांनी एका ठिपक्यावर बोट टेकलं. तो हिरवा होता. लाल त्याच्या दोन ओळी खाली होता. कुणीतरी खुसकन हसलं. मिलिंद सरांना वाटलं, माणूस उद्दामपणा करतोय. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती स्टीलची ताटली आली.

मी त्यांना खाली कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये घेऊन गेले.

"धोटे, तुम्हाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही ना?"

"चहा गार होऊन राहिला, मॅडम," ते म्हणाले. पण स्वतः मात्र प्यायले नाहीत.

मग त्यांनीच सुरुवात केली.

"मी पुण्यात कॉम्प्युटरसाठी आलोच नव्हतो. खडकवासल्याला जायचं होतं, लष्करात. लेखी पास झालो, मुलाखत पास झालो. गावात पेढे वाटून झाले. मग मेडिकल. डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं, त्यात नुसते ठिपके. म्हणे, आकडा वाच. मी म्हटलं, आकडा कुठं आहे? पुढचं पान उघडलं. त्यावरही ठिपकेच. कागदावर लिहिलं, अनफिट. बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी गावात सांगितलं, पोराची छाती भरली नाही. डोळ्याचं सांगितलं असतं तं पोरगं आंधळं म्हणून बोभाटा झाला असता. लग्नाच्या आधी बायकोला सांगितलं, बस. तेव्हापासून भाजी तीच आणते."

"आणि गाडी कशी चालवता?"

"सिग्नलला वरचा-खालचा दिवा तरी कळतो ना, मॅडम. तुमचे ठिपके एका जागीच."

मी विचारलं, "मग शब्द नकोत म्हणून हिरवी का लावलीत?"

"हिरवी होती का ती?" त्यांनी हळूच विचारलं. "मी तं लालच लावायला उठलो होतो."

अमृततुल्यवाल्यानं गार झालेला चहा उचलून नेला, तरी आम्ही बसूनच होतो. निघताना धोटे म्हणाले, "वर सांगू नका. हलगर्जी म्हणू द्या, बेफिकीर म्हणू द्या, ऐकून घेईन. अनफिट एकदा ऐकलं आहे. परत नको."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? हलगर्जीपणाचा ठपका घेऊन गेले असते, तर पुण्यात त्या कामावर त्यांना कुणी उभं केलं नसतं. दोन बायकांचे हाल त्यांच्या नावावर कायमचे लागले असते. घरी बायको, शाळेतली दोन मुलं. माझ्या डोक्यात सरळ होतं, दोष स्क्रीनचा आहे हे कळलं की माणूस सुटेल. मी वर जाऊन मिलिंद सरांना सगळं सांगितलं. ताटलीतल्या टिकलीसकट.

त्यांनी ऐकून घेतलं आणि मला स्पष्ट दिसलं, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"म्हणजे आपल्या प्रॉडक्टमध्ये काही नाही," ते म्हणाले.

"प्रॉडक्टमध्येच आहे. शब्द असते तर हे झालंच नसतं. आता तरी घाला."

"एका माणसासाठी? आणि शैलजा, त्यांनी स्वतःच नको म्हणून मत दिलंय. मी होतो ना तिथं."

"अहो, ती हिरवी आहे हेच त्यांना दिसलं नव्हतं!"

"तेच म्हणतोय मी," ते शांतपणे म्हणाले.

रुग्णालयाला पत्र गेलं. संबंधित कर्मचारी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र असल्याचे आढळून आले असून त्यास कामावरून मुक्त करण्यात आले आहे. कोर्टाचं टळलं. मिलिंद सर वाईट माणूस नव्हते, हेही लिहायला हवं. त्यांनी धोट्यांच्या कागदावर हलगर्जी हा शब्द येऊ दिला नाही. हा आपण केलेला उपकार आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि त्या कागदासाठी त्यांना शब्द मी पुरवला होता. आज तशीच वेळ आली तर मी सांगेन की गप्प बसेन, मला खरंच माहीत नाही. गप्प बसून एक माणूस बुडताना बघणं मला जमलं नसतं. पण माझ्या सांगण्यानं तो तरला नाही. ज्या एका शब्दाला तो भीत होता, तोच त्याच्या हातात पडला.

धोटे गेले त्या दिवशी दुपारचा चहा चालला होता. ते नेहमीसारखे हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. खांद्याला पिशवी होती. हॉलभर बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"झालं," म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी घेतला नाही. मीही दोन-तीनदा करून थांबले. आम्ही बंगला सोडून काचेच्या इमारतीत गेलो, टूल परदेशात विकलं जाऊ लागलं. फळ्यावरच्या तिसऱ्या रकान्यात माझी चिठ्ठी मी दर वेळी नव्यानं लिहून लावायचे आणि दर वेळी ती तिथंच राहायची. एका मोठ्या कारखान्यानं टूल घेतलं. त्यांची तक्रार आली की, आमच्याकडचा प्रिंटर रंगीत नाही, स्क्रीन छापून घेतली की सगळे ठिपके राखाडी येतात, साहेबांना काही कळत नाही. मिलिंद सरांनी त्या दिवशीच बैठक बोलावली. मतदान झालं नाही. पुढच्या आवृत्तीत ठिपक्यांशेजारी शब्द आले, झाले आणि फसले. त्या आवृत्तीची माहितीपुस्तिका मीच लिहिली. 'काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी विशेष सोय.' हे वाक्य मी माझ्या हातानं लिहिलंय. खूप वेळ लागला मला ते लिहायला.

मी निवृत्त झाल्यावर एका सकाळी मंडईत गेले होते. टोमॅटोच्या गाळ्यापाशी एक गृहस्थ प्रत्येक टोमॅटो बोटांनी दाबून बघत होते आणि विक्रेता खेकसत होता, "काका, दाबून दाबून चटणी करताय, घ्या ना डोळे झाकून!" ते धोटे होते. केस पार पिकलेले. मला वाटलं, तोंड फिरवतील. फिरवलं नाही.

वाघोलीला एका क्लासमध्ये गणित शिकवतात म्हणाले. "काळा फळा, पांढरा खडू. बरं चाललं आहे." क्लाससाठी पुस्तकं घ्यायला शहरात आले होते. मी बायकोचं विचारलं. ती गेल्या वर्षी गेली. "आता भाजी मलाच बघावी लागते," एवढंच म्हणाले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ते शब्द आले बरं का. ठिपक्यांशेजारी."

"काहून? कोणी मागितले?"

मी प्रिंटरचं सांगितलं. सांगताना माझीच मान खाली गेली. धोटे बराच वेळ हसले, आवाज न करता. मग म्हणाले, "प्रिंटरचं बरं असते, मॅडम. त्याची मेडिकल होत नाही."

विक्रेत्यानं वजन करून टोमॅटो त्यांच्या पिशवीत ओतले. मी निघणार, तेवढ्यात त्यांनी पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. गाळ्यावर बायकांची गर्दी होती. त्या सगळ्यांच्या देखत, चांगलं मोठ्यानं म्हणाले, "यातले कच्चे तेवढे काढून द्या. मला लाल-हिरवं कळत नाही."

गर्दीतल्या दोघीतिघींनी वळून बघितलं. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. मी पिशवीत हात घालून हिरवे टोमॅटो एकेक करून त्याच्या तराजूच्या ताटलीत ठेवत गेले. निम्मी पिशवी रिकामी झाली.